तांबड्या पेशीची साक्ष

भुदरगड तालुक्यात ‘औषध’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात: डॉक्टरांनी दिलेले ते औषध, आणि पाठीवर पंप घेऊन वेदगंगेकाठच्या भातावर वा उसावर मारतात तेही औषधच. घामाने निथळणारा, तोंडातून लाळ गळणारा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेला एखादा गडी गारगोटीच्या रुग्णालयात आणला जातो, तेव्हा ह्यांपैकी कोणते औषध भोवले हे डॉक्टर लक्षणांवरूनच ताडतात आणि अहवालाची वाट न पाहता अ‍ॅट्रोपिन सुरू करतात, तेच उचित. तथापि विषाने आत काय मोडले, हे सांगण्याचा अधिकार रक्ताचाच.

ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके कोलिनएस्टरेज नावाच्या विकराला जखडून टाकतात. 1961 साली एलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलेल्या पद्धतीत हे विकर जितके कार्यक्षम, तितका द्रावाचा पिवळा रंग गडद होतो, आणि तो प्रकाशमापकावर मोजता येतो. रक्तद्रवातले विकर यकृतात तयार होत असल्याने लवकर भरून येते. परंतु तांबड्या पेशीवरचे एकदा कायमचे जखडले गेले की, तिला केंद्रकच नसल्यामुळे, तिच्या सुमारे 120 दिवसांच्या आयुष्यात ते पुन्हा घडत नाही, आणि म्हणूनच विष रक्तातून केव्हाच निघून गेले तरी काही आठवड्यांपूर्वीच्या फवारणीची साक्ष ती देऊ शकते. विष अद्याप रक्तात असेल, तर प्रथिने साकळवून वेगळी काढलेला निवळ द्रव वर्णलेखन यंत्राच्या नळीतून दाबाने पाठवतात. घटक एकामागून एक बाहेर पडतात आणि वस्तुमानमापक त्यांची ओळख पटवतो.

इजा केंद्रकापर्यंत पोहोचली काय, हे पाहण्याची युक्ती मात्र मोठी मनोहर आहे. 1984 साली ओस्टलिंग व योहानसन यांनी तिचा आरंभ केला आणि 1988 साली नरेंद्र सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र अल्कलीची जोड देऊन तिला आजचे रूप दिले. रक्ताच्या एका थेंबातील पांढऱ्या पेशी अ‍ॅगरोजमध्ये कालवून काचपट्टीवर थिजवतात, क्षारयुक्त थंड द्रावात त्यांचे आवरण विरघळवतात आणि उरलेल्या डीएनएमधून वीज सोडतात. तेव्हा अखंड डीएनए जागीच गोळा होऊन राहतो, आणि तुटलेले धागे धनाग्राकडे ओढले जाऊन, आपली जुनी माणसे ज्याला शेंडेनक्षत्र म्हणत, त्याच्यासारखी शेपटी सूक्ष्मदर्शकाखाली चमकू लागते. शेपटी दिसली म्हणजे कीटकनाशकच दोषी, असा निकाल देणे मात्र उतावीळपणाचे. विडीचा धूरही ती लांबवू शकतो, आणि पेशी आपली मोडतोड काही तासांत बरीचशी दुरुस्तही करते.

ह्या सर्व किमयेचा पाया एका शीशीत असतो. दारूबंदीच्या अंमलासाठी मुंबई राज्यात 1959 साली रक्ततपासणीचे जे नियम झाले, त्यांत रक्त काढताना त्वचेला मद्यार्काचा स्पर्शही होऊ नये आणि शीशीवर डॉक्टरांची मोहोर असावी, असा दंडक आहे. नाहीतर पुसण्याच्या स्पिरिटाचाच मुद्देमाल व्हायचा! नमुना तपासणीला न्यायचा, तर गारगोटीहून कोल्हापूर सुमारे 50 किलोमीटर. उन्हात हेंदकाळत गेलेल्या नमुन्यात तांबड्या पेशी वाटेतच फुटल्या, तर त्यांतून सांडलेले पोटॅशियम व एलडीएच हे विकर रुग्णाच्याच नावावर जमा होतात, आणि प्रवासात झालेली नासाडी देहाची इजा म्हणून कागदावर चढते.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीनंतर कोणास घेरी आली, तर त्याचे भिजलेले कपडे तात्काळ उतरवून अंग साबणाने धुवावे, आणि रुग्णालयात जाताना औषधाची बाटली, रिकामी असली तरी, लेबलासकट बरोबर न्यावी. कोणते विष शोधायचे हे प्रयोगशाळेस त्या लेबलावरूनच कळते.