बन्नीचे गवत आणि वेडी बाभूळ

दुष्काळ पडला की पांजरपोळांसाठी चाऱ्याच्या गाड्या रवाना करण्याची परंपरा व्यापारी महाजनांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. ती गाडी भरून देणारे हात पुष्कळ आहेत; मात्र ज्या भूमीत चारा उगवतो तिची विचारपूस क्वचितच होते. कच्छमधील बन्नी ही अशीच एक भूमी होय.

भूजच्या उत्तरेस, कच्छच्या रणाला लागून सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचा हा सपाट प्रदेश पसरलेला आहे. दक्षिणेकडील टेकड्यांतून येणाऱ्या नद्यांनी आणलेल्या गाळाने तो घडला. जमीन खारट, पाऊस अत्यल्प आणि बेभरवशाचा. तरीही पावसाळ्यानंतर येथे धामण आणि जिंजवो यांसारखी सकस गवते डोलत असत. जिंजवो म्हणजेच महाराष्ट्रातील मारवेल. या गवतावर मालधारी पशुपालकांनी कांकरेज गाई आणि बन्नी म्हशी जोपासल्या. रात्री मोकळ्या रानात चरून पहाटे आपसूक घरी परतणाऱ्या या म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली.

१९६० च्या दशकाच्या आरंभी रणाचा खारटपणा पुढे सरकू नये, या सद्हेतूने वनखात्याने बन्नीच्या कडेने मूळच्या अमेरिका खंडातील एका काटेरी झाडाची लागवड केली. महाराष्ट्रात त्याला ‘वेडी बाभूळ’ म्हणतात. कच्छी माणसाने नाव दिले ‘गांडो बावळ’. अर्थ एकच! कडेला लावलेले हे झाड काही दशकांत निम्म्याहून अधिक बन्नीवर पसरले.

या प्रसाराचे वाहक ठरली ती गुरेच. झाडाच्या गोड शेंगा जनावरे आवडीने खातात. कठीण कवचाचे बी पोटातून सुखरूप बाहेर पडते आणि शेणाच्या ओलाव्यात जोमाने रुजते. जनावर जिथवर चरत जाईल तिथवर झाड पोहोचते. दाट झुडपांखाली गवताला ऊन आणि पाणी मिळेनासे होते. गवत उणावले की जनावर पुन्हा शेंगांकडे वळते. म्हशी हा आहार बऱ्यापैकी सोसतात. गाईंना मात्र शेंगांच्या अतिसेवनाने पचनाचे गंभीर विकार जडतात. गाईंचे कळप घटण्यामागे मालधारी हेच मोठे कारण सांगतात.

मग झाड तोडून टाकावे, असे सहज वाटते. खरी अडचण इथेच आहे. बुंध्यावरून तोडलेली वेडी बाभूळ मरत नाही. एका खोडाच्या जागी अनेक फुटवे येतात आणि झुडूप पूर्वीपेक्षा दाट होते. २००४ मध्ये कोळशासाठी तोडीस मुभा मिळाली आणि अनेक कुटुंबांना रोजगार लाभला. पण जिथे मूळ जमिनीतच राहिले तिथे झाड परतले. २००८ मध्ये ती मुभा मागे घेण्यात आली. तरीही कोळशाचे उत्पन्न आजही कित्येकांच्या चुलीशी जोडलेले आहे. त्यांना दुसरा आधार न देता झाडाचे निर्मूलन करू पाहणे न्यायाचे ठरणार नाही.

गवत परत आणण्याची रीत कष्टाची आहे. झाड मुळासकट उपटावे लागते. जमिनीतील बी पावसाबरोबर पुन्हा उगवते. ती कोवळी रोपे दरवर्षी वेचून काढावी लागतात. स्थानिक गवताचे बी पेरावे लागते आणि त्याला स्वतःचे बी धरेपर्यंत त्या तुकड्यात गुरे सोडता येत नाहीत. ज्याचे पोट रोजच्या दुधावर आहे, त्याने आपलेच कुरण काही काळ बंद ठेवावे, हा त्याग लहान नव्हे. मुद्दलाला हात न लावता व्याजावर निर्वाह करण्याची शिस्त व्यापारी घराण्यांना नवी नाही. कुरणाचा हिशेबही तोच आहे.

मोकळ्या झालेल्या जमिनीवर आणखी एक संकट घोंघावते : कुंपण घालून केलेली शेती. याविरुद्ध मालधारींच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२१ मध्ये लवादाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. झाड काढल्यावर ती जमीन सर्वांच्या चराईसाठीच राहील, ही खात्री असेल तरच पशुपालक त्यासाठी घाम गाळतील.

चाऱ्याची गाडी एका दुष्काळात जनावर वाचवते. राखलेले कुरण पुढच्या अनेक दुष्काळांत त्याला आधार देते. जीवदयेच्या निधीतील काही वाटा उपटलेल्या मुळांच्या जागी गवताचे बी पेरण्यासाठी आणि पुढील चार-पाच वर्षे त्याची निगा राखण्यासाठी लागला, तर ते दान दरवर्षी पावसाबरोबर नव्याने उगवेल.