मालेगावच्या सुपरमॅनची झेप

रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ सप्टेंबर २०२४मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेल्या या चित्रपटामुळे मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांची गोष्ट देशभर पोहोचली. पण ज्या सिनेमाभोवती ही गोष्ट फिरते, तो नासिर शेख यांचा ‘मालेगाव का सुपरमॅन’ पाहिलेली माणसं अजूनही मोजकीच आहेत. विज्ञानकथा आणि मारधाड यांचा मेळ घालणारा, नाशिक जिल्ह्याच्या मातीतला हा सिनेमा. त्याचं नाव निघालं की लोक कौतुकानं हसतात आणि विषय संपतो. खरं तर तो विषय तिथं सुरू व्हायला हवा.

मुंबई-आग्रा रस्त्यावर नाशिकपासून सुमारे शंभर किलोमीटरवर मालेगाव आहे. मोसम नदीकाठचं हे गाव यंत्रमागांवर जगतं. आठवडाभर मागांचा खडखडाट चालतो, शुक्रवारी माग थांबतात. हाती आठवड्याची मजुरी आणि समोर सुटीचा दिवस, अशा वेळी इथल्या कामगाराचा हक्काचा विरंगुळा म्हणजे सिनेमा. नव्वदच्या दशकात थिएटरांच्या जोडीला व्हिडिओ पार्लर आली. त्यातलंच एक नासिर शेख चालवत. चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली, जॅकी चॅन हे सगळे मागावरच्या कामगारांना तिथे भेटले. नासिर दोन व्हीसीआर जोडून सिनेमांची काटछाट करत आणि आपल्या प्रेक्षकाला रुचेल असा नवा ऐवज तयार करत. संकलनाची त्यांची शाळा हीच. पुढे पायरसीवरून पोलिसांची कारवाई झाली आणि दुसऱ्यांचे सिनेमे दाखवण्याऐवजी आपलाच काढावा, हा विचार पक्का झाला.

त्यातून २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ आला. खर्च साधारण ५० हजार रुपये, कलाकार गावातलेच. डाकूंच्या घोड्यांच्या जागी सायकली आल्या. लोकांनी तो डोक्यावर घेतला. मालेगावच्या या सिनेमाला पुढे ‘मॉलिवूड’ हे नाव पडलं आणि एकामागून एक सिनेमे निघू लागले.

पण ‘शोले’ची नक्कल जमिनीवर राहून करता येते, सुपरमॅनला मात्र उडवावं लागतं. रिचर्ड डॉनर यांच्या १९७८च्या ‘सुपरमॅन’मध्ये माणूस खरोखर उडतो आहे असं वाटावं, यासाठी नवी तंत्रं शोधावी लागली. त्या दृश्यकरामतींना ऑस्करचा विशेष सन्मानही मिळाला. मालेगावकडे होता एक छोटा व्हिडिओ कॅमेरा, एक संगणक आणि हिरवं कापड. कापडासमोर सुपरमॅनला आडवं करायचं, हात पुढे ताणायला सांगायचं आणि मग संगणकावर हिरवा रंग काढून त्याजागी आभाळ बसवायचं. तत्त्व हॉलिवूडचंच, साधनं गावातली. सरकत्या दृश्यासाठी सायकल, उंचावरच्या दृश्यासाठी बैलगाडी. चित्रीकरणाच्या धांदलीत कॅमेरा पाण्यात पडला आणि सगळं काम अडलं. दुसरा कॅमेरा सहज आणता येईल, असे कोणाचेच दिवस नव्हते.

हे सगळं आपल्याला दिसतं ते फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८च्या माहितीपटामुळे. देशोदेशीच्या महोत्सवांत नावाजला गेलेला हा माहितीपट २०१२मध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांतही लागला. फैजा यांच्या कॅमेऱ्यात कुठेही कीव नाही. फ्रेम लावताना, प्रकाश पाहताना, पुन्हा एकदा ‘टेक’ घेताना ही माणसं किती गंभीर असतात, हे त्या शांतपणे दाखवतात.

आज हा सिनेमा पुन्हा आठवताना मला त्याच्या जुगाडापेक्षा त्याचा आशय मोठा वाटतो. सुपरमॅन झालेले शफीक शेख यंत्रमाग कामगार होते. अंगानं अगदी बारीक. त्यांच्या अंगावरचा सुपरमॅनचा पोशाख सैल पडतो, उडताना त्यांचा तोल जातो, मालेगावच्या धुळीनं आणि धुरानं त्यांना दम लागतो. खलनायकाला साऱ्या जगावर राज्य वगैरे करायचं नाही. त्याचं प्रेम घाणीवर आहे. मागावर राबणाऱ्या, तुंबलेल्या गटारांशेजारी राहणाऱ्या गावानं परग्रहावरून आलेला महाबली उसना घेतला आणि त्याला आपल्या हवेत श्वास घ्यायला लावला. या हवेत महाबलीचाही दम कोंडतो, तर माणसांचं काय होत असेल? हा प्रश्न सिनेमा हसतखेळत विचारतो. विज्ञानकथेचं काम हेच असतं: अशक्य गोष्ट गृहीत धरायची आणि तिच्या उजेडात आपलं जगणं तपासायचं. मालेगावनं ते कोणाकडून शिकून न घेता केलं.

शफीक यांना पुढे तोंडाच्या कर्करोगानं गाठलं आणि त्यातच ते गेले. पडद्यावर गावाच्या आरोग्यासाठी झुंजलेल्या या कामगाराचं आयुष्य फार लवकर संपलं. म्हणूनच हा सिनेमा पाहताना हसू येतं आणि घसाही दाटतो.

नाशिककराला या साऱ्यात एक जुनी ओळख पटायला हवी. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केल्यावर आपला कारखाना नाशिकला आणला. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी मारुतीला उडवलं. ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये कंसाचं शिर धडावेगळं करून हवेत तरंगवलं. कॅमेरा थांबवणं, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणं, एवढ्यावर त्यांनी हे चमत्कार उभे केले. बायका पडद्यावर यायला तयार नव्हत्या, म्हणून हॉटेलात आचाऱ्याचं काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केलं आणि ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही भूमिका त्यांनाच दिल्या. मालेगावातही नव्वद वर्षांनी गावातल्या मुली कॅमेऱ्यासमोर येऊ शकत नव्हत्या, नायिका बाहेरून आणावी लागे. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई कलाकारांचा स्वयंपाक करून फिल्मच्या कामातही हात लावत. मालेगावात मित्रमंडळी पदरमोड करून, मागावरची पाळी सांभाळून उभी राहत. आपल्या लोकांना पडद्यावर आपलं काही दिसावं, ही फाळक्यांची तळमळ होती. ती याच जिल्ह्यात पुन्हा उगवली, हा आपल्यासाठी अभिमानाचा विषय आहे.

‘सुपरबॉइज’नं या प्रवासाला मैत्रीचा धागा दिला. नासिर, लेखक फरोग आणि शफीक यांच्यातली ओढ, लेखकाला न मिळणारा मान, यशानं आलेला दुरावा हे त्यात मनापासून मांडलं आहे. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंग आणि शशांक अरोरा यांची कामं लक्षात राहतात. तरीही तो मूळ सिनेमाची जागा घेऊ शकत नाही. मूळ सिनेमात मालेगाव स्वतः बोलतं. तिथल्या गल्ल्या, तिथली हिंदी-उर्दू, मागावरून थेट चित्रीकरणाला आलेल्या माणसांचे चेहरे कितीही उत्तम नट घेतले तरी नव्यानं घडवता येत नाहीत.

या पंचवीस वर्षांत गावही बदललं. मोबाइल आले, व्हिडिओ पार्लर ओस पडली. मालेगावचे विनोदी व्हिडिओ आता यूट्यूबवर जगभर पाहिले जातात. गावातली कला आटलेली नाही, पण पहिल्या पिढीचं काम मात्र धोक्यात आहे. चुंबकीय फितीवरचं चित्र दमट हवेनं आणि वयानं खराब होतं. फीत टिकली तरी ती चालवणारी यंत्रं मिळेनाशी झाली आहेत.

फाळक्यांच्या बाबतीत आपण हे भोगलं आहे. ‘लंकादहन’चा आज थोडासा तुकडा उरला आहे, ‘राजा हरिश्चंद्र’ही पूर्ण मिळत नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, तोवर बरंच काही हरवलं होतं. मालेगावच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. करणारी बरीच माणसं हयात आहेत, आठवणी ताज्या आहेत. त्यांच्या फिती गोळा करून त्यांचं डिजिटल जतन करावं, नासिर शेख आणि त्यांच्या सोबत्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात मालेगावच्या सिनेमाला कायमचं दालन द्यावं. राष्ट्रीय संग्रहालय, नाशिक महापालिका आणि जिल्ह्यातले चित्रपटप्रेमी एकत्र आले तर हे काम अवघड नाही. फाळक्यांचा वारसा आम्ही सांगतो, असं नाशिकनं म्हणायचं असेल, तर त्यात मालेगावचं नाव मानानं घ्यायला हवं.