चार महिने पावसाचे, पाठ कमावण्याचे

बेळगावात मृगाचा पाऊस लागला की घरातल्या बऱ्याच वस्तू माळ्यावर जातात. गोल्फ खेळणारं कुणी घरात असेल, तर त्यात चौदा काठ्यांच्या लांबलचक बॅगेचीही भर पडते. मैदान चिंब, चेंडू पडेल तिथेच रुततो, उतारावर पाय घसरतात. सप्टेंबर सरेपर्यंत बॅग दाराआड उभी राहते. बॅगेला चार महिन्यांची विश्रांती मिळाली म्हणून काही बिघडत नाही, शरीराचं मात्र बिघडतं.

गोल्फ हा घरोघरी खेळला जाणारा खेळ नव्हे, हे खरंच. पण आपल्या भागात लष्कराची परंपरा जुनी. निवृत्त होऊन आलेली मंडळी हा नाद सोबत घेऊन येतात. शिवाय पुण्या-बेंगळुरूला नोकरीला असलेली मुलंही आता काठी हातात घेऊ लागली आहेत. बेंगळुरूचा गोल्फ क्लब तर १८७६ सालचा. तिथल्याच अदिती अशोकने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला, तेव्हा ज्यांनी कधी गोल्फची काठी पाहिलीही नव्हती अशा घरांतही पहाटे टीव्ही लागले. त्याच स्पर्धेत पुरुषांमध्ये अनिर्बन लाहिरी आणि उदयन माने हे दोघे भारताकडून खेळले. लाहिरीचा जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर.

मी बेळगावात गेली बावीस वर्षं फिजिओथेरपीचा व्यवसाय करते. माझ्याकडे गोल्फ खेळणारे येतात ते बहुधा एका ठरावीक काळात. दसऱ्याला खेळ सुरू होतो आणि दिवाळीच्या आधी कुणीतरी ‘डॉक्टर, सोंट हिडदैत्री’ म्हणत दारात उभा असतो. मराठी घरातला असेल तर ‘कंबर धरली’ म्हणतो. भाषा कुठलीही असो, दुखणं तेच.

हळू दिसणारा वेगवान खेळ

‘गोल्फमध्ये कसला आलाय व्यायाम? नुसतं फिरायचं तर असतं!’ असं पुष्कळांना वाटतं. चालणं तर असतंच. अठरा होल पायी खेळायचे म्हणजे आठ ते दहा किलोमीटर आणि चार तास. पण खरा ताण पडतो तो फटक्याच्या वेळी. काठी मागे नेऊन पुन्हा चेंडूपर्यंत आणायला जेमतेम एक सेकंद लागतो आणि खाली येताना तर पाव सेकंदच. एखाद्या हौशी खेळाडूच्या काठीचं टोकही त्या क्षणी ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरत असतं. एवढा वेग एकट्या हातांतून येत नाही. तो पायांतून सुरू होतो, खुब्यांतून वळतो, पाठीतून खांद्यांकडे जातो आणि शेवटी मनगटात उतरतो. या साखळीतली एक कडी जरी आखडली, तरी तिचं काम शेजारच्या कडीला करावं लागतं.

इथेच कमरेचा बळी जातो. आपल्या कमरेचे पाच मणके पुढे-मागे वाकण्यासाठी आहेत, पिळण्यासाठी नाहीत. पाचही मणके मिळून जेमतेम दहा ते पंधरा अंश वळतात. खरं वळायचं असतं ते खुब्याच्या सांध्यांनी आणि छातीमागच्या बारा मणक्यांनी. पण चार महिने खुर्चीत, सोफ्यावर आणि गाडीत बसून काढले की खुबे आखडतात आणि पाठ पुढे वाकते. मग ऑक्टोबरात पहिला जोरदार फटका मारताना सगळी पिळवणूक कमरेवर येते. हौशी खेळाडूंच्या दुखापतींत कमरेचं दुखणं सर्वात जास्त आढळतं. त्याखालोखाल कोपर, मनगट आणि खांदा यांचा नंबर लागतो.

टायगर वूड्ससारखा खेळाडूसुद्धा यातून सुटला नाही. पाठीवर अनेक शस्त्रक्रिया झाल्यावर २०१७ मध्ये त्याच्या कमरेचे मणके एकमेकांना जोडावे लागले. २०१९ मध्ये त्याने पुन्हा मास्टर्स स्पर्धा जिंकली, ती गोष्ट वेगळी. त्याच्यामागे तज्ज्ञांचा ताफा होता. आपल्यामागे सकाळी चहा घेऊन उभी राहणारी बायको असते!

आमच्या दाजींचं प्रकरण

माझे थोरले दाजी लष्करातून निवृत्त झालेले. वय चौसष्ट. आठवड्यातून तीनदा पहाटे खेळायला जाणार, परत येऊन उप्पीट खाणार आणि मग दिवसभर खुशीत. लागोपाठ दोन वर्षं दिवाळीत ते अंथरुणाला खिळले. एका डॉक्टरांनी ‘आता खेळ सोडा’ असा सल्ला दिला. त्यानंतर आमची अक्का माझ्याकडे आली. मला वाटलं, नवऱ्याचा खेळ सुटणार म्हणून हिला बरंच वाटलं असेल. पण ती म्हणाली, ‘‘ह्यांची कंबर धरली की आठ दिवस घर धरतं. पण खेळच सुटला तर हा माणूस कायमचा खुर्ची धरेल. त्यांचे सगळे मित्र तिथेच आहेत गं. काहीतरी कर.’’

अक्काने दुखण्याच्या मुळावरच बोट ठेवलं होतं. साठीनंतर माणसाला नुसतं हिंडणं-फिरणं पुरत नाही, कुठेतरी जायचं कारण लागतं. मी दाजींचे रिपोर्ट पाहिले, शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या डॉक्टरांशी नव्हे तर दुसऱ्या एका अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलले. त्यांनी व्यायामाला हरकत घेतली नाही. मग जूनपासून आम्ही कामाला लागलो.

आधी परीक्षा

पहिल्या दिवशी मी दाजींना स्टुलावर बसवलं. पाय जमिनीवर, गुडघे जुळलेले, छातीवर आडवी काठी धरलेली. गुडघे न हलवता उजवीकडे आणि डावीकडे वळायचं. साधारण पंचेचाळीस अंश वळता आलं तर उत्तम. दाजी त्याच्या निम्मेही वळेनात. मग त्याच स्टुलावर गुडघे जुळवून ठेवून पावलं बाहेरच्या बाजूला न्यायला सांगितली. यातून खुबा आतल्या बाजूला किती फिरतो ते कळतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं सगळं वजन फटक्यानंतर डाव्या खुब्यावर येतं आणि त्याला आत फिरावं लागतं. तो फिरला नाही तर कमरेला फिरावं लागतं. दाजींचा डावा खुबा लाकडासारखा होता. शेवटची परीक्षा म्हणजे एका पायावर उभं राहणं. त्यात सहाव्या सेकंदाला त्यांनी कपाट धरलं.

तुम्हालाही घरी या तीन गोष्टी करून पाहता येतील. फक्त शेजारी आधाराला कुणीतरी असू द्या.

पावसाळ्याचं वेळापत्रक

जून महिना फक्त आखडलेलं मोकळं करण्यासाठी ठेवला. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे, हात समोर जोडायचे आणि वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा मागे न्यायचा, नजर हाताबरोबर. मग मार्जारासन. मग स्टुलावरचा खुब्याचा व्यायाम. ताण जाणवेल पण दुखणार नाही, अशा ठिकाणी अर्धा मिनिट थांबायचं, दोन-तीनदा करायचं. श्वास कोंडायचा नाही. दाजींची सवय कवायतीची, प्रत्येक गोष्ट झटक्यात. आमच्याकडे झाडलोट करणारी बाई रोज पाहायची. शेवटी तिनेच सुनावलं, ‘‘निधानक्क माड्री, साहेब!’’ त्या दिवसापासून तोच आमचा मंत्र झाला.

ज्यांना जमिनीवर बसता येत नाही त्यांनी खुर्ची, पट्टा, उशी घ्यावी. त्यात कमीपणा नाही. बी. के. एस. अय्यंगार हे मूळचे कर्नाटकातल्या बेल्लूरचे. १९३७ मध्ये ते पुण्याला आले आणि पुढे पुण्याचेच झाले. दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे वापरून ताठर शरीरालाही आसन कसं जमवायचं, हे त्यांनी जगाला शिकवलं. दोन भाषांच्या आपल्या घरांना हा वारसा दोन्ही बाजूंनी मिळालेला आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये ताकद. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. त्यामुळे नुसता लवचीकपणा पुरत नाही. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, सेतुबंधासन, भिंतीवर हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटलीने मनगटाचे व्यायाम. ओला टॉवेल पिळणं हा कोपर आणि मनगटासाठी फुकटातला उत्तम व्यायाम आहे. अक्काने तो दाजींना नियमित करायला लावला! आठवड्यातून दोन-तीन दिवस हे पुरे, मधल्या दिवशी चालणं. बाहेर पाऊस असेल तर जिना आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस ताकदीचा आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे.

तालमीत गेलेल्यांना मुद्गल आणि करेल ठाऊक असतील. खांदे मोकळे आणि मजबूत करण्यासाठी हलका मुद्गल फिरवण्यासारखं साधन नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो आपल्याकडून उचलला आणि ‘इंडियन क्लब’ म्हणून युरोपभर नेला. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धाही होती. मात्र खांदा दुखत असेल तर आधी दाखवून घ्या.

सप्टेंबरमध्ये वेग. रिकाम्या हाताने, मग हलक्या काठीने फटक्याची नक्कल. यात एक पथ्य पाळायचं. जेवढ्या वेळा उजव्या हाताने, तेवढ्याच वेळा डाव्या हाताने. गोल्फ शरीराला एकाच बाजूला पिळतो, ती पिळवणूक घरी उलटी सोडवायची.

मैदानावर परतताना

पहिल्याच दिवशी अठरा होल नकोत. पहिला आठवडा जवळचे छोटे फटके, मग नऊ होल, मग पुढचं. सुरुवातीला दहा मिनिटं भरभर चालणं, खांदे-खुबे फिरवणं, अर्ध्या जोराचे चार-पाच फटके. एकाच जागी धरून ठेवायचे लांब ताण खेळाआधी देऊ नयेत, त्याने स्नायूंची ताकद तात्पुरती कमी होते. ते खेळून आल्यावर.

पायात मुंग्या येणं, बधिरपणा, कमरेतून खाली जाणारी कळ असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला तर तासाचाही उशीर नको. हाडं ठिसूळ असतील, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर सुरुवातच विचारून करा.

दाजींचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. चमत्कार झाला नाही. त्यांचा चेंडू पूर्वीपेक्षा थोडा अलीकडेच पडतो, आणि तीन दिवसांपैकी एक दिवस ते नऊ होलवर थांबतात. पण त्यानंतरच्या दोन्ही दिवाळ्यांत त्यांनी आकाशकंदील स्वतः स्टुलावर चढून लावला. अक्का खालून ओरडत होती, हे सांगायला नकोच. आता तीही सकाळी त्यांच्या शेजारी सतरंजी घालते. तिला गोल्फशी काही देणंघेणं नाही, पण मांडी घालून बसता येऊ लागलं एवढं तिला पुरेसं आहे.

तुमच्या घरात गोल्फची बॅग नसेलही. बॅडमिंटनची रॅकेट असेल, शेतातली कुदळ असेल किंवा वारीला जाणारे पाय असतील. पावसात काम थांबतं तेव्हा रोजचे वीस मिनिटं शरीरासाठी काढा. जिथे जायला तुम्हाला आवडतं, तिथे दसऱ्यानंतरही स्वतःच्या पायांनी जाता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.