चार इंद्रियांची कमाई

जैन घरातील मुलाला पाठशाळेत जीवांचे भेद लवकरच शिकविले जातात. वनस्पती एकेंद्रिय, कृमी द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, मधमाशी चतुरिंद्रिय. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात ही चढती श्रेणी कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य यांच्याच उदाहरणांनी मांडली आहे. मधमाशीला स्पर्श, रस, गंध आणि रूप कळते, हे मुलाच्या तोंडपाठ असते. या इंद्रियांच्या आधारे ती अन्न शोधावयास कशी शिकते, हा धडा मात्र अहिल्यानगर जिल्ह्यात कांद्याच्या शेतात पाहावयास मिळतो.

राहुरी, नेवासा, पारनेर, श्रीगोंदा या भागांत कांदा म्हटला की आडत, गोणी आणि घोडेगावचा बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. या साऱ्या उलाढालीच्या मुळाशी काळे, बारीक बी असते. निवडक कांदे हिवाळ्याच्या तोंडाशी पुन्हा जमिनीत लावतात. पुढे त्यांना डेंगळे येतात आणि त्यांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे उमलतात. एकेका गोंड्यात शेकडो फुले असतात. परंतु प्रत्येक फुलातील पराग आधी सुटतो आणि बीजधारणेची तयारी नंतर होते. म्हणून परागाला एका फुलावरून दुसऱ्यावर नेणारा कोणी तरी लागतो. ते काम मुख्यत्वे मधमाशी करते.

पेटीतील कामकरी माशी जन्मल्याबरोबर फुलांवर जात नाही. पहिले सुमारे तीन आठवडे ती घरातलीच कामे करते. बाहेर पडण्यापूर्वी पोळ्याकडे तोंड करून ती लहान लहान घिरट्या घेते आणि घराची खूण मनाशी पक्की करते. पुढे तिच्या मिशा, म्हणजे शृंगिका, गंध टिपतात. फुलावर बसताच जीभ गोडी पारखते. गंध आणि गोडी एकत्र लाभली की दोन-तीन खेपांतच तो गंध तिच्या स्मरणात राहतो. रंग आणि आकार शिकावयास थोड्या अधिक खेपा लागतात. ज्या वेळी ज्या फुलात रस मिळाला, ती वेळही तिला आठवते. एकदा एका जातीच्या फुलांची ओळख पटली की बहुधा ती त्याच जातीची फुले शोधत फिरते. कांद्याचा पराग कांद्यालाच मिळतो तो या सवयीमुळे.

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ मध्ये हे रंगज्ञान सिद्ध केले. निळ्या कागदावर त्यांनी साखरेचे पाणी ठेवले आणि भोवती करड्या रंगाच्या अनेक छटांचे कागद मांडले. पुढे पाणी काढून घेतले, कागदांच्या जागा बदलल्या, तरी माश्या निळ्यावरच आल्या. तांबडा रंग त्यांना दिसत नाही. उलट आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. अन्न सापडल्यावर माशी पोळ्यावर नृत्य करते. सरळ वर चाल म्हणजे सूर्याच्या दिशेने. जितका कोन तिरपा, तितके सूर्यापासून बाजूला. अंधाऱ्या पोळ्यात सोबतिणी हा निरोप स्पर्शाने व थरथरीने उमजून घेतात. या संशोधनासाठी फ्रिश यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक अन्य दोघांसमवेत मिळाले. एवढे सारे ज्या मेंदूत मावते, त्यात सुमारे १० लाख चेतापेशी असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी.

ही शिकण्याची शक्ती फार नाजूक आहे. काही कीटकनाशके माशीला तत्काळ मारत नाहीत. अल्प मात्रेतही ती तिची स्मृती आणि घराची वाट बिघडवितात. वाट चुकलेली माशी परतत नाही, आणि कांद्याचे गोंडे रिकामे राहतात. ऐन फुलोऱ्यात दिवसा केलेल्या फवारणीचा हा हिशेब त्या दिवशी कोणाच्याच वहीत उमटत नाही. तो पुढे बियाण्याच्या तुटीत दिसतो.

बी-बियाणे आणि औषधे विकणारी कृषी सेवा केंद्रे जिल्ह्यातील अनेक जैन कुटुंबे पिढ्यान्पिढ्या चालवीत आली आहेत. मध आपल्याकडे वर्ज्य. म्हणून या माशीशी आपला व्यवहार नाही, असे वाटते. वस्तुतः गल्ल्यावर विकले जाणारे प्रत्येक कांदा-बियाण्याचे पाकीट तिच्या कमाईवर उभे आहे. औषधाची बाटली हाती देताना पीक फुलावर आहे का, एवढे विचारणे. असल्यास फवारणी थांबवावयास सांगणे. आणि ती टळतच नसेल तर माश्यांना कमी घातक औषध देऊन सूर्यास्तानंतर, शेजारच्या पेटीवाल्याला कळवूनच फवारावयास सांगणे, यात दुकानदाराचा एखादा सौदा कमी होईल. पाठशाळेत शिकलेला चतुरिंद्रिय जीव मात्र त्या दिवशी वाचेल, आणि पुढच्या हंगामाचे बीही.