सरकीतलं विष, सरकीतलं औषध

रिद्धपूरच्या शिवारातली कोणतीही सरकी आडवी कापा. पिवळसर गरात काळे ठिपके दिसतील. त्यांत गॉसिपॉल असतं. गाई-म्हशींना ढेप पचते, कारण त्यांच्या कोठीपोटात ते बरंचसं निकामी होतं. माणूस आणि कोंबडी यांना मात्र ते बाधतं. सरकीत वीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं असूनही ती आपल्या ताटात येत नाहीत ती यामुळेच. (तेल शुद्ध करताना गॉसिपॉल निघून जातं.)

१९५० च्या दशकात ठिपकेच नसलेली कपाशी निघाली, पण गॉसिपॉलचं संरक्षण नसल्याने किडींनी ती फस्त केली. टेक्सासमधले संशोधक कीर्ती राठोड यांच्या गटाने वेगळी वाट धरली. गॉसिपॉल बनवणाऱ्या साखळीतलं एक जनुक त्यांनी फक्त बियांत गप्प केलं. पानांतलं संरक्षण शाबूत राहिलं. हे काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशी सरकी खाण्यास हिरवा कंदील दाखवला. आपल्याकडे असं वाण अजून शेतात आलेलं नाही.

गंमत म्हणजे हेच गॉसिपॉल कर्करोगाच्या प्रयोगशाळेतही पोचलं. बीसीएल-२ जनुकाचं प्रथिन कर्कपेशींना मरू देत नाही; गॉसिपॉल त्यालाच चिकटतं. रुग्णांवर चाचण्या झाल्या, कर्करोगावरचं औषध म्हणून मान्यता मात्र मिळालेली नाही.