वेळापत्रकातून येणारा विश्वास

‘आपल्या पोरांना जमेल’ ही खात्री शिक्षकाला मुख्याध्यापकांच्या भाषणातून मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले, की स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास मुख्यतः प्रत्यक्ष जमलेल्या कामातून येतो. शाबासकीचा वाटा त्यामानाने थोडा. परीक्षेच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ याच अंगाने पाहावा. तो लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाशी आणि तिथले पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी जोडला जातो. पण नावापेक्षा रीत महत्त्वाची. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग सराव परीक्षांवर सराव परीक्षा. तपासलेली उत्तरपत्रिका मुलाच्या हाती पडते, गुण कुठे गेले ते कळते, पुढच्या वेळी चार गुण वाढतात. ते वाढलेले पाहून शिकवणाराही सावरतो. यासाठी वेळ आणि माणसे राखून ठेवणे, हेच प्राचार्यांचे खरे काम.

निवडक हुशार मुले घेतली, तर निकाल लागणारच, असा आक्षेप असतो. तो बराचसा खरा आहे, आणि घोकंपट्टीचाही. पण हुशार मुले मराठवाड्यात आधीही होती. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरचे नाव गाजू लागले ते ही रीत रुजल्यानंतर. मात्र निवड न करणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हीच शिस्त टिकली, तरच नेतृत्वाचे श्रेय निर्विवाद मानावे.