दोन सह्यांचा चेक

बँकेत मोठ्या रकमेच्या चेकवर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागत. एकाने केली आणि दुसऱ्याने टाळली, की ग्राहक काउंटरपाशी ताटकळत उभा! अमेरिकेचा कारभार वाचताना मला तो चेक आठवतो. खर्चाचा कायदा काँग्रेस करते, सही अध्यक्षाची. अध्यक्षाने नकाराधिकार वापरला, तर दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो मोडून काढायचा.

१९७२ साली जलशुद्धीच्या कायद्याला निक्सनसाहेबांनी असा नकार दिला. काँग्रेसने तो फेटाळला. संपलं? छे! गावोगावच्या सांडपाणी शुद्धीकरणासाठी पहिल्या दोन वर्षांचे ११ अब्ज डॉलर ठरले होते. अध्यक्षांनी ५ अब्जच सोडायला सांगितले. म्हणजे चेक पास, पण कॅशियर नोटा मोजेना! न्यूयॉर्क शहर कोर्टात गेलं. १९७४ मध्ये काँग्रेसने मंजूर पैसा अडवण्यावर बंधन घालणारा कायदा केला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. तोवर निक्सन पायउतार झाले होते.

आपले पंतप्रधान लोकसभेच्या बहुमतावरच टिकतात, म्हणून हा तंटा आपल्याला नवखा वाटतो. तिथे मात्र तो मिटलेला नाही. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी परदेशी मदतीचा मंजूर निधी रोखला आणि प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं.